आडनावाचा रकाना

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाच्यानं मला नव्या संगणकासमोर बसवलं आणि म्हणाला, "मामू, ती फाटकी डायरी आता माळ्यावर टाका. सगळे पत्ते यात भरू. दोन अक्षरं दाबली की माणूस हजर!"

डायरी खरोखरच फाटली होती. कुठल्याशा विमा एजंटानं दिलेली, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. कॉलेजच्या दिवसांपासूनची माणसं तिच्यात होती. काही शाईनं लिहिलेली, काही पेन्सिलीनं. पेन्सिलीनं लिहिलेली म्हणजे भाड्याच्या घरात राहणारी. एकेका नावापुढं चार-चार पत्ते खोडलेले. मी मान डोलावली, पहिलं कार्ड उघडलं आणि पहिल्याच कार्डावर अडलो.

समोर तीन रकाने होते. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. पहिला मान माझ्या शाळासोबत्याचा. त्याचं खरं नाव इथं सांगत नाही. समजा, शेख इब्राहिम दाऊद. शाळेच्या हजेरीपटात असंच होतं, आधी शेख, मग इब्राहिम, मग वडिलांचं दाऊद. आता यातलं फर्स्ट कोणतं आणि लास्ट कोणतं? लिहिताना शेख पहिला, पण ते तर आडनाव. शेवटी येतो दाऊद, पण तो बाप. भाचा म्हणाला, "जसं लिहिता तसंच भरा ना." भरलं. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो तर मित्र शेखांमध्ये नाही, इब्राहिमांमध्येही नाही. बऱ्याच वेळानं सापडला तो इंग्रजी डी अक्षराखाली, 'दाऊद, शेख इब्राहिम' असा बसलेला. बापाचं आडनाव झालं होतं, आडनावाचं नाव झालं होतं आणि ज्या नावानं आम्ही त्याला चाळीस यार्डांवरून हाक मारायचो ते मधल्या सांदीत गेलं होतं.

तुम्हाला वाटेल, हा मुसलमानी नावांचा घोळ आहे. तसं नाही. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, बँकेच्या पासबुकांत 'पाटील सुरेश दत्तात्रय' असंच लिहितात की. ते नाव संगणकाला एका ओळीत द्या, तो बिनदिक्कत पाटलाला नाव आणि दत्तात्रयाला आडनाव करून ठेवतो. दक्षिणेतल्या मित्रांचं तर विचारूच नका. तमिळ माणसाला पुष्कळदा आडनावच नसतं. गावाचं नि वडिलांचं आद्याक्षर आणि पुढं त्याचं स्वतःचं नाव. त्याच्या आडनावाच्या रकान्यात काय भरायचं? काही प्रोग्राम रकाना रिकामा राहू देतात, पण मग असा माणूस यादीच्या अगदी वर किंवा अगदी तळाशी जाऊन पडतो.

हे रकाने आले कुठून याचा मी पुढं थोडा शोध घेतला. संगणकांनी एकमेकांना पत्ते द्यावेत म्हणून एक ठरावीक साचा आहे, त्याला व्हीकार्ड म्हणतात. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांनी मिळून 'व्हर्सिट' नावाची जोडणी केली होती. तिनं हा साचा नव्वदीच्या दशकात तयार केला. त्याची २.१ क्रमांकाची आवृत्ती १९९६ ची. व्हीकार्ड म्हणजे सरळ सरळ व्हिजिटिंग कार्ड, फक्त विजेवर चालणारं. गोम इथंच आहे. डोळ्यासमोर होतं ते पाश्चात्त्य कचेरीतल्या माणसाचं खिशातलं कार्ड: नाव, आडनाव, हुद्दा, कंपनी, कचेरीचा फोन, फॅक्स, पेजर. त्या साच्यात नावाचे पाच तुकडे आहेत: आडनाव, पाळण्यातलं नाव, मधली नावं, आधीची उपाधी आणि नंतरची उपाधी. १९९८ साली तिसरी आवृत्ती आली, तिच्यातही तुकड्यांचा हा रकाना सक्तीचाच होता. ही सक्ती उठली चौथ्या आवृत्तीत, २०११ साली. तिच्यात नाव जसं दिसायला हवं तसं अखंड लिहिलेलं असलं की पुरे. तुकडे करणं ऐच्छिक. माणसाला ज्या नावानं हाक मारतात ते त्याचं नाव, एवढं मान्य व्हायला पंधरा वर्षं लागली.

पण कागदावर सक्ती उठली म्हणून पडद्यावरचे रकाने उठले नाहीत. संगणकावरचे बहुतेक प्रोग्राम अजूनही तुकडेच मागतात. यावर एक साधा तोडगा आहे आणि तो फार जुना आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या आउटलुक एक्स्प्रेसच्या पत्त्यांच्या वहीतसुद्धा 'डिस्प्ले' म्हणून एक रकाना होता. आजही निरनिराळ्या नावांनी तो बहुतेक ठिकाणी असतो. यादीत नाव कसं दिसावं ते तिथं आपण आपल्या हातानं लिहायचं. तुकड्यांचं काय व्हायचं ते होवो. मला हा रकाना सापडायला तीन वर्षं लागली, कारण तो इतर रकान्यांच्या गर्दीत होता आणि त्याचं महत्त्व कुणी सांगितलं नव्हतं.

बायकांच्या नावांचा प्रश्न याहून अवघड. डायरीत मी 'कुलकर्णी (आता देशपांडे)' असं लिहून मोकळा होत असे, आणि दोन्ही अक्षरांच्या पानांवर लिहीत असे. संगणकात एका कार्डाला एकच जागा. ॲपलच्या पत्त्यांच्या वहीत माहेरच्या आडनावाचा जादा रकाना घालता येतो, ही त्यातल्या त्यात बरी सोय. आमच्याकडे तर कित्येक जणी लग्नानंतर नाव-गाव काहीच बदलत नाहीत, पण ओळखल्या जातात 'मुन्नाची अम्मी' म्हणून. माझ्या डायरीत अशा एक खाला होत्या. त्यांचं कागदोपत्री नाव मला त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर पहिल्यांदा कळलं.

आता शोधण्याकडे येऊ. दोन अक्षरं दाबली की माणूस हजर, हे भाच्याचं वचन खरं, पण ती दोन अक्षरं नेमकी कोणती ते आधी माहीत हवं. रोमन लिपीत शेख तीन-चार तऱ्हांनी लिहितात. कुणी मध्ये ए-आय घालतो, कुणी ई-आय, कुणी शेवटचा एच गाळतो, कुणी नुसतं एस-के लिहितो. सय्यदचे निदान चार प्रकार. मोहम्मदचं तर विचारू नका. पूर्ण लिहिणारे, नुसतं एम-डी लिहिणारे, एम-ओ-एच-डी लिहिणारे. कानाला हे सगळे एक. संगणकाला कान नाहीत, तो अक्षराला अक्षर लावून पाहतो आणि एक अक्षर हललं की 'सापडत नाही' म्हणतो. डायरीत बोट फिरवताना आपण कानानंच वाचत असतो, म्हणून तिथं अडत नाही.

मग मराठीतच का लिहू नये? तेही करून पाहिलं. तेव्हाची आपली मराठी श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत होती. त्या फाँटांत अक्षर मराठी दिसे, पण पोटात संगणकाच्या लेखी इंग्रजी चिन्हंच असत. पत्त्यांच्या वहीत फाँट निवडायची सोय नसे, त्यामुळं मराठीत टंकलेलं नाव तिथं चिकटवलं की स्वल्पविराम, कंस आणि डॉलरचा सडा पडे. युनिकोड आल्यावर हा त्रास संपला. विंडोज २००० पासून देवनागरी आली. एक्सपीतही ती होती, पण एका कोपऱ्यातली खूण करून ती आधी बसवून घ्यावी लागे.

युनिकोडमध्येही आपल्या भाषेच्या दोन बारीक खोड्या उरल्या. कऱ्हाडमधला तो अर्धा 'र' घ्या. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक म्हणजे नुक्त्याच्या 'र'ला हलन्त जोडून, दुसरी म्हणजे साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य सांधा जोडून. डोळ्याला दोन्ही कऱ्हाड सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन गावं आहेत. एका तऱ्हेनं भरलेलं दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं की हाती भोपळा. दुसरी खोडी अकारविल्हे लावण्याची. आपण शाळेत शिकलो ते ह, ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसवला आहे आणि क्ष हे स्वतंत्र अक्षरच नाही, तो 'क'ला जोडलेला 'ष'. मराठीचा क्रम शिकवलेला नसेल तर प्रोग्राम क्षीरसागरांना 'क'च्या शेपटाला नेऊन बसवतो आणि आपण त्यांना यादीच्या तळाशी शोधत राहतो. तशात एकाच वहीत इंग्रजी आणि मराठी नावं मिसळली की मराठी सगळी झेडच्या पलीकडे.

फोनच्या रकान्यांची गंमत पाहा. आउटलुकच्या कार्डात कचेरीचा फोन, दुसरा कचेरीचा फोन, मोटारीतला फोन, पेजर, टेलेक्स, आयएसडीएन एवढ्यांना जागा आहे. पण आपल्याकडे ज्याच्यावर वर्षानुवर्षं संसार चालले त्या 'पी.पी.' नंबराला कुठंच जागा नव्हती. तरुण वाचकांसाठी सांगतो: घरी फोन नसला की शेजाऱ्याचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर द्यायचा आणि पुढं पी.पी. लिहायचं. माझ्या डायरीत निम्मे नंबर पी.पी. होते आणि त्यांच्यापुढं सूचना होत्या: 'दुपारी करू नये', 'पिठाची गिरणी, मोठ्यानं बोलावं', 'फक्त निरोप'. या सूचना हाच खरा पत्ता होता. संगणकात त्यांच्यासाठी 'नोट्स' नावाची पेटी असते, पण ती वेगळ्या टॅबवर. नंबर दिसतो तिथं सूचना दिसत नाही, आणि सूचना वाचायला जावं तर नंबर झाकला जातो.

माझ्या मते मुळातली चूक याहून मोठी आहे. हे प्रोग्राम एक माणूस, एक कार्ड असं धरून चालतात. आपल्याकडे एक घर, एक पान असतं. मालेगावच्या एका घरात माझे पाच स्नेही होते, बाप आणि चार मुलगे, त्यांतले दोघे कविता करणारे. डायरीत त्यांचं एक पान होतं, वर पत्ता, खाली पाच नावं. संगणकात पाच कार्डं झाली आणि तोच पत्ता पाचदा टंकावा लागला. त्यांनी घर बदललं तेव्हा मी तीन कार्डं दुरुस्त केली आणि कंटाळलो. धाकट्या दोघांना ईदची पत्रं पुढं दोन वर्षं जुन्या घरी जात राहिली. दुसऱ्या बाजूनं, एकाच माणसाचे अनेक पत्ते असले तरी पंचाईत. मोझिलाच्या थंडरबर्ड या लोकप्रिय प्रोग्रामात २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका माणसाला दोनच ई-मेल पत्ते देता येत. नोकरी बदलणाऱ्या पोरांचे पत्ते मोजायला दोन बोटं कशी पुरावीत?

आता ज्या गोष्टीमुळं सर्वांत जास्त लोक फसले तिच्याविषयी. ई-मेल लिहिताना आपण दोन अक्षरं टंकतो आणि खाली नावांची यादी उघडते. आपल्याला वाटतं, ही आपली पत्त्यांची वही. पुष्कळदा ती नसतेच. आउटलुकच्या २००३ आणि २००७ च्या आवृत्त्यांत ही सूचनांची यादी निराळ्याच फाइलमध्ये असे. ज्यांना कधी पत्र पाठवलं त्यांचे पत्ते तिथं आपोआप साठत. लोक वर्षानुवर्षं त्या यादीवर काम करत आणि वहीत काही लिहितच नसत. संगणक बदलला की वही जशीच्या तशी नव्या यंत्रावर येई, पण जवळजवळ कोरी. आणि यादी जुन्या यंत्राबरोबर भंगारात. २०१० च्या आवृत्तीत ही यादी टपालपेटीतच ठेवायला सुरुवात झाली तेव्हा हा अपघात कमी झाला. उलट आउटलुक एक्स्प्रेसमध्ये, ज्याला उत्तर पाठवलं त्याला आपोआप वहीत घालायची सोय मुळातच चालू असे. त्यामुळं वही भरायची ती गॅस एजन्सी, दिवाळी अंकाचा जाहिरात विभाग आणि एकदाच पत्र आलेला अनोळखी वाचक यांनी. पहिल्या पद्धतीत माणसं हरवत, दुसरीत गर्दीत दिसेनाशी होत. दोन्ही ठिकाणी वापरणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही की, बाबा, याला तुझ्या वहीत घालू का?

अशा एका आपोआप यादीनं माझी एक मैत्री जवळजवळ घालवली. एकाच नावाचे माझे दोन स्नेही आहेत, एक मिरजेचा, एक औरंगाबादचा. (त्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर, पण माझ्या डायरीत जुनंच आहे.) एका कविसंमेलनाचं निमंत्रण मिरजेच्या स्नेह्याला पाठवायचं होतं. दोन अक्षरं टंकली, नाव आलं, एंटर दाबलं. यादीत नुसतं नाव दिसत होतं, गाव दिसत नव्हतं. निमंत्रण गेलं दुसऱ्याला, आणि त्याचा कवितेशी संबंध एवढाच की तो माझा मित्र आहे. त्यानं बिचाऱ्यानं 'आभारी आहे, पण त्या दिवशी दुकान बंद ठेवता येणार नाही' असं उत्तर पाठवलं. मिरजेचा मित्र मात्र दीड वर्ष बोलला नाही. त्यानं कार्यक्रमाची बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. तेव्हापासून मी दिसणाऱ्या नावातच गाव घालतो. संगणक काही म्हणत नाही.

आणि शेवटी स्थलांतर. पत्ते एका प्रोग्रामातून दुसऱ्यात न्यायचे असले की 'सीएसव्ही' नावाची फाइल काढतात. ती म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी. ती बिघडत नाही, बिघडवतो तो तिला मध्येच उघडून पाहणारा हिशेबाचा तक्ता. २००९ साली मी तेच केलं. चार नावं दुरुस्त करावीत म्हणून फाइल तक्त्यात उघडली, जतन केली, नव्या संगणकात भरली. जुनी फाइल पुसून टाकली, कारण काम झालं होतं. दोन आठवड्यांनी एकाला फोन लावायला गेलो तर नंबराचे पहिले सहा आकडे बरोबर आणि पुढं सहा शून्यं. दुसऱ्याचंही तेच. सगळ्या मोबाइल नंबरांचं तेच.

झालं होतं असं. तक्त्याला फोन नंबर ही वस्तू माहीत नसते, त्याला सगळे आकडे म्हणजे रकमा. देशाच्या ९१ सह बारा आकडी नंबर त्याला नऊशे अब्जांच्या पुढची रक्कम वाटली. एवढी मोठी रक्कम तो शास्त्रज्ञांच्या पद्धतीनं आखडून दाखवतो: आधी थोडे आकडे, मग ई, मग 'अधिक ११'. जतन करताना जे दिसत होतं तेच लिहिलं गेलं आणि उरलेले आकडे कायमचे गेले. लँडलाइन नंबरांच्या आधीचं शून्यही उडालं, कारण रकमेच्या आधी शून्याला अर्थ नसतो. मराठीत भरलेली नावंही विस्कटली. साठवताना देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे पडतात. तक्त्यानं ते तुकडे सुटे वाचले आणि एका अक्षराच्या जागी टोप्या घातलेली तीन परदेशी चिन्हं उभी केली. आता मी शहाणा झालो आहे. तक्ता मध्ये घालतच नाही. प्रोग्राममधून व्हीकार्डच्याच रूपात पत्ते काढतो, दुसरीकडे भरतो आणि दहा नंबर स्वतः तपासल्याशिवाय जुनी फाइल पुसत नाही. तक्ता उघडायचाच झाला तर नंबरांचा स्तंभ आधी 'मजकूर' म्हणून जाहीर करावा, म्हणजे तो रक्कम समजत नाही.

त्या दिवशी मी माळ्यावर चढून डायरी खाली काढली. दोनशेच्या आसपास माणसं परत मिळाली. डायरी बंद केल्यानंतर जी माणसं थेट संगणकात आली होती, त्यांतली बरीचशी गेली. परभणीचा एक तरुण होता, ग्रामीण बोलीत फार चांगलं लिहायचा, एका बसप्रवासात भेटला होता. नंबर होता, पत्ता घेतला नव्हता. त्याच्या नावापुढं अजून सहा शून्यं आहेत.

मघाचा तो शाळासोबती, ज्याच्या बापाचं मी आडनाव केलं होतं, तो २०१६ साली गेला. त्याच्या कार्डात जन्मतारीख भरलेली होती, आणि ती भरली की हे प्रोग्राम दरवर्षी वाढदिवसाची आठवण करून देतात. पुढच्या मार्चमध्ये सकाळी पडद्यावर त्याचं नाव आलं, शेजारी केकचं चित्र. डायरीत अशा वेळी काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. नावाआधी 'मरहूम' किंवा 'कै.' लिहायचं, पान तसंच ठेवायचं. घर तेच असतं, भाभी तिथंच राहतात, फोन त्यांनाच करायचा असतो. संगणक दोनच गोष्टी विचारतो, ठेवू की पुसू? व्हीकार्डच्या नियमांत २०११ च्या डिसेंबरात एक पुरवणी जोडली गेली आहे, तिच्यात मृत्यूच्या तारखेचा आणि मृत्यूच्या ठिकाणाचा रकाना आहे. म्हणजे हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. पण मी वापरलेल्या एकाही प्रोग्रामच्या कार्डावर हा रकाना मला दिसलेला नाही.

मग मीच दिसणाऱ्या नावाच्या रकान्यात इब्राहिमच्या आधी 'मरहूम' लिहिलं. यादी अकारविल्हे असल्यामुळं तो आपल्या जागेवरून उठला आणि 'म'खाली गेला. त्याच्यानंतर आणखी काहींना तिथं न्यावं लागलं. सध्या 'म'खाली अकरा जण आहेत आणि 'क'खाली, कैलासवासी म्हणून, नऊ. वाढदिवसाच्या तारखा मी कुणाच्याच काढलेल्या नाहीत. मार्चमध्ये इब्राहिमचं नाव येतं तेव्हा मी त्याच्या घरी फोन लावतो.